प्रत्येक डब्यावर नाव

नवरात्राआधी घरोघरी फळीवरचे डबे उतरतात, घासले जातात, उन्हात वाळतात आणि पुन्हा तेवढेच वर चढतात. यंदा थोडं पुढे जाऊ या.

मिसळणाच्या डब्यातल्या ७ वाट्या पाहा: रोज लागतं तेवढंच, हाताशी, एका झाकणाखाली. साऱ्या ओट्याला हाच नियम लावू या. श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, वास उडालेला मसाला यांना निरोप द्या. हळद-तिखट शेगडीपासून दूर, अंधारात ठेवा. उष्णतेने, उजेडाने त्यांचा रंग-वास जातो. आजीचं पितळी पातेलं मात्र कल्हई करून वापरात आणा.

आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहा. साखर कुठे आहे हे घरात एकाच बाईला ठाऊक असणं, हा तिच्यावरचा भार आहे. तो सगळ्यांनी वाटून घेऊ या.

– संपादक