खाडाखोडीला गुण द्या

मे महिना उजाडला की आमच्या वसईतील धर्मग्रामांच्या सभागृहांत शिबिरांना भर येतो. चित्रकला, संगीत, आणि त्यांच्या जोडीला एका दिवसाची ‘लेखन कार्यशाळा’. प्रार्थना, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, गुलाबपुष्प, ‘साहित्य आणि जीवन’ या विषयावर दीड तासाचे व्याख्यान, भोजन, प्रमाणपत्रे आणि शेवटी समूहछायाचित्र. दिवसभरात मुलांनी लिहिलेले असते ते एवढेच : नावनोंदणीच्या कागदावर स्वतःचे नाव. आम्ही मराठीचे शिक्षक आणि थोडेफार लिहिणारे, म्हणून व्याख्यानाला बहुधा आम्हांलाच बोलावतात. तेव्हा पुढे जे म्हणणार आहोत त्यातील पहिला दोष आमच्याच पदरात घेतो. अशी व्याख्याने आम्ही दिली आहेत आणि ती गुलाबपुष्पेही स्वीकारली आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. लेखन सांगून शिकवता येत नाही. सुताराचा मुलगा रंधा हातात घेऊन शिकतो, वाडीतला मुलगा पानवेल बांधता बांधता शिकतो. लेखनाचे काम म्हणजे लिहिलेले वाचणे, खोडणे आणि पुन्हा लिहिणे. हे काम जो मुलांच्या डोळ्यांदेखत करील तोच लेखन शिकवू शकेल. ज्याने स्वतः कधी पान खोडलेले नाही, त्याच्याजवळ मुलांना दाखवण्यासारखे काही नसते. म्हणून शिक्षकाच्या लेखनाला त्याचा फावल्या वेळेतला छंद समजणे चूक आहे. ते त्याच्या अध्यापनाचेच अंग आहे.

आमच्या शाळांत मात्र नेमके उलटे चालते. स्वच्छ, टापटीप लेखनाला गुण आणि खाडाखोडीला लाल रेघ. बाजारातल्या मार्गदर्शकातला निबंध पाठ करून सुवाच्य अक्षरात उतरवणारा विद्यार्थी हुशार ठरतो. फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन चाळीस वह्यांत एकाच शब्दांत रडते आणि आम्ही त्यावर चाळीस वेळा ‘छान’ असा शेरा मारतो. वसईत ही आपत्ती दुहेरी आहे. मूल घरी कादोडी किंवा वाडवळी बोलते, बहुधा इंग्रजी माध्यमात शिकते, आणि प्रमाण मराठी त्याच्या वाट्याला येते ती एका तासिकेपुरती आणि रविवारच्या मिस्सेपुरती. त्या तासिकेतही त्याला उसने वाक्यच दिले, तर स्वतःचे वाक्य त्याने लिहावे कुठे?

एक अनुभव सांगतो. नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर ‘पाणी’ हा विषय लिहिला आणि मुले वहीत लिहू लागली तसे आम्हीही फळ्यावर लिहू लागलो. आमची पहिली तीन वाक्ये पोकळ होती. ती पोकळ का, हे मुलांनाच विचारून आम्ही ती खोडली. वर्गात आधी हसू पसरले, मग शांतता झाली. सरांचेही चुकते हे त्यांनी प्रथमच पाहिले. त्या तासाला एका मुलाने ‘पाणी हे जीवन आहे’ हे आपले वाक्य खोडले आणि खाली लिहिले की, वाडीतले बावखल बुजवले त्या वर्षापासून आजोबा संध्याकाळी घरातच बसून असतात. मान वर करून त्याने विचारले, ‘सर, बावखल हा शब्द चालेल का?’ ज्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या वाड्या शिंपल्या गेल्या, त्याच्या नावाला वहीत शिरण्यासाठी परवानगी मागावी लागते! पुढे वह्यांची तपासणी झाली, तेव्हा त्याच पानावर शेरा आला : ‘अस्वच्छ लेखन’. तो शेरा पुसण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. हा लेख त्या शेऱ्याला दिलेले उत्तर आहे.

आमची परंपरा या बाबतीत आमच्यापेक्षा शहाणी होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. परकी भाषा त्यांनी शिकून आत्मसात केली आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. हे पुराण लिहिण्याचे निमित्त त्यांनी ग्रंथातच सांगितले आहे : धर्मशिक्षणाच्या वर्गात एका नवख्रिस्ती गृहस्थाने विनंती केली की जुनी पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण द्यावे. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य ग्रंथ वर्गातल्या एका मागणीतून जन्मला आणि शिक्षकाने तो लिहिला. दहा हजारांहून अधिक ओव्या आणि त्याही परभाषेत, कोणी खाडाखोडीवाचून लिहू शकेल काय? सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवण्यास आरंभ केला आणि १८५४ साली ‘काव्यफुले’ प्रसिद्ध केले. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. यांपैकी कोणाला शिकवणे आणि लिहिणे ही दोन वेगळी कामे वाटली नसावीत.

आज लिहिणाऱ्या शिक्षकाचे जगणे कसे आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने २००९ साली अशैक्षणिक कामांना मनाई केली, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे अपवाद ठेवले. त्या अपवादाच्या दारातून मतदार याद्या शिक्षकाच्या घरी येतात. त्यांच्यामागून संगणकावर भरायची माहिती येते. उरलेल्या वेळात उत्तरपत्रिका. सहकारी विचारतात, ‘लिहून काय मिळते? त्यापेक्षा दोन शिकवण्या घ्या.’ धर्मग्रामाला आमच्या लेखणीची आठवण होते ती रौप्यमहोत्सवाचे मानपत्र हवे असते तेव्हा, आणि तेही उद्या सकाळपर्यंत. २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा समाजाला धन्य वाटले आणि ते योग्यच होते. परंतु लेखक मोठा झाल्यावर त्याचा सत्कार करणे सोपे असते. तो घडत असताना त्याला एक मोकळी तासिका देणे अवघड जाते.

कोणी म्हणतील, शिक्षक वर्गात लिहीत बसला तर अभ्यासक्रम कधी पुरा होणार? या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून आम्ही आठवड्याला एकच तासिका मागतो. परंतु पुरा झालेला अभ्यासक्रम आणि लिहिता न येणारे मूल, हा हिशेब आम्हांला पटत नाही. दुसरे कोणी म्हणतील, आता मोबाईलमधले यंत्रच निबंध लिहून देते, मग एवढी यातायात कशाला? आमच्या मते यंत्राने आमचीच बाजू भक्कम केली आहे. टापटीप, निर्दोष निबंध आता क्षणात मिळतो. ज्या गोष्टीला आपण इतकी वर्षे गुण देत आलो, तिची किंमत अशी उघडी पडली आहे. पहिले वाक्य खोटे वाटल्यामुळे ते खोडणारा हात मात्र मुलाचाच असावा लागतो.

शुभवर्तमानात प्रभू येशूच्या लेखनाचा उल्लेख एकाच प्रसंगी येतो. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला दगडमार करू पाहणाऱ्या जमावासमोर तो बोटाने जमिनीवर लिहितो. काय लिहिले हे योहान सांगत नाही. त्या गुरुजींनी धुळीवर लिहिले, मातीत वाकून आणि लोकांच्या देखत. शिक्षकाला लाज वाटण्याजोगे त्यात काही नाही.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वहीतल्या खाडाखोडीचे गुण कापणे बंद करावे. पहिला आणि दुसरा असे दोन्ही खर्डे तपासावेत आणि त्यांतील प्रवासाला गुण द्यावेत. मुलाच्या बोलीतला नेमका शब्द अशुद्ध ठरवू नये. एका दिवसाच्या कार्यशाळेऐवजी सलग आठ शनिवार द्यावेत, वीसच मुले घ्यावीत आणि शिकवणाऱ्याने त्यांच्याबरोबर लिहावे, अशी अटच घालावी. आमच्या शिक्षकबंधुभगिनींनाही एक सांगणे आहे : ज्या विषयावर मुलांना लिहायला लावता, त्यावर आधी स्वतः एक पान लिहा आणि ते वर्गात खोडून दाखवा.

येत्या मे महिन्यात आम्हांला जरूर बोलवा. गुलाबपुष्प नको. फळा, खडू आणि डस्टर एवढे तयार ठेवा.