ट्रिक नको, प्रश्न हवा

लालबागला मी दहावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. काल एक आई म्हणाली, "प्रश्न कसले विचारत बसता? ट्रिक सांगा, मार्क मिळतील." मंडळी, डोकंच फिरलं!

1896 साली मुंबईत राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं. ते काढलं गिरगावच्या विल्सन कॉलेजातल्या प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी. मुलांना विचारलं, हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर? "निघेल!" अरे, संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तोच विरघळेल, डांबर राहील! समीकरण सगळ्यांना पाठ होतं, पुतळा मात्र कुणालाच वाचवता आला नाही.

एकजण पुटपुटला, "मग डांबर कशात विरघळतं?"

या प्रश्नासाठी मी शिकवते. ट्रिकवाल्यांनी खुशाल दुसरा क्लास बघावा.