धावणारी बस, चालणारी बस

मूळ लेखकाने शब्द एकच वापरला, मग अनुवादकाने आठ का वापरावेत? हा पूर्वपक्ष ऐकायला बिनतोड वाटतो. मांडणारे त्याला 'मुळाशी निष्ठा' असे भारदस्त नाव देतात. त्यांच्या हाती इंग्रजीतला 'रन' द्यावा आणि म्हणावे, करा याचे रशियन!

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले आहेत. नाक 'रन' होते तेव्हा रशियनमध्ये ते 'तिच्योत', म्हणजे वाहते. यंत्र 'राबोतायेत', काम करते. धुण्यात कपड्याचा रंग जातो, तो 'लिन्यायेत'. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो. रशियन उमेदवारासाठी 'बालोतिरोवात्सा' हे लांबलचक क्रियापद आहे, त्यात पळापळ कुठेच नाही. बस तर रशियात चालते, 'खोदित'. एकच शब्द धरून बसणाऱ्याच्या अनुवादात शेंबूडही शर्यतीत उतरेल.

बरे, निदान खऱ्या धावण्याला तरी एक शब्द? तोही नाही. कुत्रा आत्ता फाटकाकडे पळत निघाला तर 'बेझात', बागेत नुसता इकडेतिकडे पळत असेल तर 'बेगात'. अनुवादकाला संदर्भ पाहून यातला एक निवडावाच लागतो. याला स्वैरपणा म्हणायचे?

यावर काहीजण रशियनलाच तोकडी ठरवतात. मग रशियन 'इद्योत'चा, म्हणजे 'चालतो, जातो' याचा, उलटा हिशेब मांडू. पाऊस 'इद्योत', वेळ 'इद्योत', सिनेमा लागलेला असतो तोही 'इद्योत', आणि बाईंना झगा शोभला तरी 'इद्योत'. इथे इंग्रजी अनुवादकाला चार दारे ठोठावावी लागतात. इंग्रजीला मात्र कोणी तोकडी म्हणत नाही. (आपल्याला यात वेगळीच गंमत. घड्याळ रशियनमध्येही चालते, आणि बेत पटला की रशियन माणूस नुसते 'इद्योत!' म्हणतो. हुबेहूब आपले 'चालेल'.)

करारनाम्यात संज्ञा एकच ठेवावी, हे मान्य. तिथे शब्दाचा एक अर्थ आधीच खुंटीला बांधलेला असतो. कथा-कादंबरीत तो मोकळा हिंडतो, म्हणून तिथे निष्ठा वाक्याशी ठेवावी, त्यातल्या सुट्या शब्दाशी नव्हे. लेखक शब्दाशी खेळत असेल, तर अनुवादकाने आपल्या भाषेत नवा खेळ मांडावा. कादंबरीकार नाबोकोव्हने 1923 मध्ये 'अ‍ॅलिस' रशियनमध्ये नेली, तेव्हा इंग्रजी कोट्यांच्या जागी रशियन कोट्या रचल्या. पुढे 1964 मध्ये पुश्किनचे 'येव्गेनी अन्येगिन' इंग्रजीत आणताना शब्दशः निष्ठेचा झेंडा मिरवला तोही त्यानेच. निष्ठावंत मंडळी साक्षीला हा दुसरा नाबोकोव्ह बोलावतात. मी पहिला बोलावतो.