पंचांचा निर्णय आणि महासंघाचे मौन

पंधरा दिवसांत पारडे कसे फिरते, याचे प्रत्यंतर २०२३ सालच्या मार्च महिन्यात भारतीय फुटबॉलने आणून दिले. ३ मार्च रोजी बंगळुरूच्या कांतीरव स्टेडियमवर बंगळुरू एफसीने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध एक गोल केला आणि त्या एका गोलाच्या बळावर इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी गाठली. त्या गोलाच्या वैधतेवरून देशभर वादळ उठले. तोच संघ १८ मार्चला अंतिम सामन्यासाठी आमच्या फातोर्ड्याला आला, एटीके मोहन बागानशी २-२ अशी बरोबरी करून पेनल्टींच्या फैरीत ४-३ असा हरला. आणि हरताच त्या संघाच्या मालकांनी पंचगिरीवर जाहीर आगपाखड केली. असल्या निर्णयांनी लीगचा जीव चालला आहे, आता व्हिडिओ-पंच आणाच, अशी त्यांची मागणी होती. फातोर्ड्याच्या गर्दीत त्या रात्री कोणी केरळीय बसला असेल आणि हे ऐकून त्याच्या ओठांवर हसू उमटले असेल, तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

बंगळुरूचे प्रकरण मुळात नियमाचे होते. जादा वेळ नुकताच सुरू झालेला, फ्रीकिक बंगळुरूला मिळालेली, केरळचा गोलरक्षक भिंत उभारण्याच्या खटपटीत. तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू रिकाम्या जाळ्यात घातला. शिट्टीची वाट न पाहता फ्रीकिक झटपट घेण्याची मुभा नियम देतो. परंतु पंचांनी भिंत मागे सारण्याचे काम एकदा हाती घेतले आणि शिट्टीपर्यंत थांबा असे खुणावले, की ती मुभा संपते. म्हणजे सारा वाद एकाच प्रश्नावर येऊन ठेपतो: त्या काही सेकंदांत पंचांनी काय म्हटले आणि काय खुणावले? मला शिट्टी नको, भिंतही नको, असे आपण पंचांना सांगितले होते, असे छेत्रीने पुढे सांगितले. केरळचे म्हणणे याच्या नेमके उलट. ज्याच्या दोन शब्दांनी उलगडा व्हायचा तो तिसरा मनुष्य मात्र गप्प राहिला, कारण त्याने गप्पच राहावे अशी व्यवस्था आहे. पंचांचे नाव देशातल्या प्रत्येक फुटबॉलवेड्याच्या तोंडी झाले. त्यांचा शब्द मात्र प्रेक्षकांच्या कानी पडला नाही.

केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला, हे सर्वथा गैर झाले. निर्णय पटला नाही म्हणून खेळ सोडून जाण्याची रीत एकदा पडली, तर कोणतीही स्पर्धा शेवटास जाणार नाही. शिक्षा व्हायला हवी होती आणि ती झाली. क्लबला ४ कोटी रुपये दंड आणि जाहीर माफीचा आदेश, माफी न मागितल्यास ६ कोटी. प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आणि ५ लाखांचा दंड. क्लबने आणि प्रशिक्षकांनी माफी मागितली. शिक्षेच्या प्रमाणाविषयी आम्ही येथे घासाघीस करीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. सामना का सोडला याची चौकशी झाली, तिचा निकाल आकड्यांसह जगापुढे आला. पण गोल का दिला, याचे उत्तर तितक्याच ठळकपणे प्रेक्षकांपुढे का येऊ नये?

पंचांचा निर्णय अंतिम असतो, हे आम्ही जाणतो. फुटबॉलच्या नियमावलीतील पाचवा नियम तसे स्पष्ट सांगतो आणि तो तसाच राहावा. पण अंतिम असणे आणि निरुत्तर असणे यांत अंतर आहे. न्यायालयाचा निवाडाही अंतिम असतो, तरी न्यायाधीश कारणे लिहून देतात आणि ती वाचून कोणी न्यायाधीशाची पायरी उतरली असे म्हणत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी जरा जास्तच मनावर घेतलेली दिसते.

यात आपलाच महासंघ तेवढा दोषी आहे असे नाही. वडीलधाऱ्यांचीच वाट ही अशी आहे. २०१० च्या विश्वचषकात २७ जून या एकाच दिवशी दोन घोर चुका झाल्या. जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगलाच आत पडूनही गोल नाकारला गेला. तर मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझचा उघड ऑफसाइड गोल मानला गेला आणि त्याचे चित्रण स्टेडियमवरील मोठ्या पडद्यावर दिसल्याने मेक्सिकोचे खेळाडू पंचांभोवती गोळा झाले. यावर फिफाकडून पहिली प्रतिक्रिया कोणती आली? पडद्यावर ते दृश्य दाखवायला नको होते, ही! दोन दिवसांनी अध्यक्ष ब्लाटर यांनी दोन्ही देशांची माफी मागितली आणि गोलरेषेवरील तंत्राचा विचार पुन्हा सुरू झाला. त्याला मान्यता मिळायला मात्र जुलै २०१२ उजाडला.

तंत्र आले म्हणजे प्रश्न मिटला, या भ्रमातही कोणी राहू नये. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियासने केलेला गोल ऑफसाइड ठरवण्यात आला. व्हिडिओ-पंचांनी चित्रण पाहिले, गोल योग्य असल्याचे त्यांना दिसलेही. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीने त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले आणि खेळ पुढे सुरू झाला. चूक लक्षात येईतो उशीर झाला होता. लिव्हरपूल १-२ असे हरले. इतके सारे कॅमेरे असून दोन माणसांच्या बोलण्यातली संदिग्धता तेवढी कोणाला टिपता आली नाही. मात्र त्यानंतर जे घडले ते आम्हांला महत्त्वाचे वाटते. पंचांच्या संस्थेने त्याच संध्याकाळी चूक मान्य केली आणि तिसऱ्या दिवशी पंचांच्या आपसातील संभाषणाची ध्वनिफीत जगापुढे ठेवली. ती ऐकताना अंगावर काटा येतो. घोटाळा ध्यानात आल्यावर काहीच करता येत नसल्याची हताशा आवाजात स्पष्ट ऐकू येते. परंतु ती ऐकल्यावर कोणाही शहाण्या माणसाला हा कट वाटला नसता. माणसे गोंधळली, एवढेच कळले असते.

पंच मुका ठेवला की आरोपांना तोंड फुटते, आणि ते आरोप त्या पंचाला एकट्यालाच सोसावे लागतात. २००५ साली स्वीडनचे नामांकित पंच आंदेर्स फ्रिस्क यांनी बार्सिलोना-चेल्सी सामन्यात चेल्सीच्या द्रोग्बाला बाहेर काढले. विश्रांतीच्या वेळी प्रतिपक्षाचा प्रशिक्षक पंचांच्या खोलीत गेला होता, असा आरोप चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्यो यांनी केला. पुढे फ्रिस्क यांच्या कुटुंबालाही धमक्या येऊ लागल्या आणि त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. मोरिन्योंना २ सामन्यांची बंदी झाली. तेव्हा पंचांचे रक्षण हा आपल्या मौनाचा हेतू आहे, हे संघटनांचे समर्थन आम्हांला मान्य नाही. मौनाने रक्षण होते ते संघटनेचे.

कागदावरच्या वादांना मात्र आपल्याकडे वाटा मोकळ्या आहेत, याचा अनुभव आम्हां गोमंतकीयांना ताजा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आय-लीगचे विजेते म्हणून आमच्या चर्चिल ब्रदर्सचे नाव जाहीर झाले आणि जुलैत लोझानच्या क्रीडा लवादाने ते विजेतेपद इंटर काशीकडे दिले. अपात्र खेळाडूवरून सुरू झालेला हा वाद सातासमुद्रापार गेला. गोव्याच्या दृष्टीने निकाल कडू ठरला. पण बाजू मांडायला जागा होती. मैदानावरच्या निर्णयाला अशी जागा नसावी हे योग्यच. किमान त्याचे कारण तरी कळावे.

यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागत नाही. बंगळुरूच्या प्रकरणानंतर महासंघाने व्हिडिओ-पंचाच्या स्वस्त अवताराची चर्चा केली, तरी २०२४-२५ पर्यंतचे हंगाम त्यावाचूनच पार पडले. दुसऱ्या दिवशी पंचप्रमुखांनी वादग्रस्त निर्णयाचा नियम, पंचांनी पाहिले ते आणि चूक असल्यास ती, एवढे दोन परिच्छेदांत प्रसिद्ध करावे, याला कसला खर्च? राज्य संघटनांनाही हे सहज जमेल, गोव्याच्या संघटनेला तर प्रथम. फातोर्ड्यावर पंचांना पोलिसांचे कडे तरी असते. रविवारी गावच्या मैदानावर शंभर-दीडशे रागावलेल्या माणसांसमोर पेनल्टी देणारा पोरगेलासा पंच सोमवारी सकाळी त्याच माणसांबरोबर कदंबच्या बसमध्ये चढतो, आणि त्याने ती पेनल्टी का दिली हे त्यांना सांगणारे कोणी नसते.