नंबर पोर्ट होतो, मग फोटो का नाही?

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली



डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. या कायद्याच्या कलम 12 ने नागरिकाला आपली माहिती कंपनीकडून पुसून घेण्याचा हक्क दिला. तीच माहिती आहे तशी उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क मात्र त्यात कुठेच नाही. कलम 11 मध्ये मागितल्यावर माहितीचा गोषवारा मिळण्याची तरतूद आहे. एखाद्या दुकानाच्या अ‍ॅपकडे असलेल्या पत्त्यापुरते एवढे चालूनही जाईल. घरच्या फोटोंचा गोषवारा घेऊन कुणी काय करायचे?

आज बहुतेक घरांत अल्बम उरलेला नाही. बारसे, साखरपुडा, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, सगळे फोनमध्ये आणि फोनमधून क्लाउडवर. घरातले कुणी गेले की पहिल्या दिवसांतच फ्रेमसाठी फोटो शोधावा लागतो. मग कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोमधून चेहरा कापून स्टुडिओत दिला जातो. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असला तर मोठा करताना फुटतो. मूळ, पूर्ण आकाराचा फोटो असतो क्लाउडवर, कारण फोनमध्ये जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर हातातल्या फोनवर राहते ती फक्त छोटी प्रत. गॅलरीत फोटो दिसतो, म्हणून तो आपल्याजवळ आहे असे माणूस धरून चालतो. सेवा बंद होण्याची वेळ आली की या समजाची खरी परीक्षा होते.

आणि सेवा बंद होतातच. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाले. तीन महिने आधी सांगितले गेले होते आणि अल्बम उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षे, सप्टेंबर 2016 पर्यंत, मुभा होती. अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह 31 डिसेंबर 2023 ला संपले. त्याची सूचना दीड वर्ष आधी निघाली होती. अ‍ॅपलच्या माय फोटो स्ट्रीमचा शेवट मात्र दोन महिन्यांत झाला. मे 2023 मध्ये घोषणा, 26 जूनला नवे फोटो चढणे बंद आणि 26 जुलैला सेवा बंद. 2011 पासून चालत आलेली ही फुकट सोय फोटो आपल्या सर्व्हरवर 30 दिवस ठेवी आणि इतर उपकरणांवर ताजे 1,000 फोटो दाखवी. ज्या फोनने फोटो काढला त्यावर मूळ प्रत होती. पण तो जुना फोन विकून टाकलेला आणि फोटो फक्त आयपॅडवर दिसत असलेला, अशा माणसाला ते मुदतीत स्वतःहून सेव्ह करून घेणे भाग होते. पर्याय म्हणून पुढे केलेल्या आयक्लाउड फोटोजमध्ये फुकट जागा 5 जीबी. या तिन्ही वेळी मुदत किती, सूचना कशी आणि सोय कोणती हे कंपनीने ठरवले. कुणी उदार वागले, कुणी घाई केली. नागरिकाच्या आठवणी कंपनीच्या भलेपणावर सोडायच्या का, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

फोटो उतरवून घेण्याची सोय दिली तरी ती आपल्याकडच्या माणसाला कितपत वापरता येते, तेही पाहावे. समजा एखाद्या कुटुंबाचे फोटो 60 जीबी आहेत. दिवसाला दीड जीबी डेटा देणारा प्लॅन असेल आणि बाकी सगळे बंद ठेवून तो केवळ यासाठी वापरला, तरी 40 दिवस लागतात. डाउनलोड होतात त्या झिप फायली. घरात कॉम्प्युटर नसेल तर त्या फोनवरच उघडायच्या, आणि तिथे जागा नाही म्हणून तर फोटो क्लाउडवर गेलेले. माहिती उतरवून घेण्याच्या गूगल टेकआउट या सोयीतून फोटो काढले की प्रत्येक फोटोसोबत जेसन नावाची एक छोटी फाइलही येते. तुम्ही नंतर दुरुस्त केलेली तारीख, लिहिलेली ओळ, ठिकाण हे त्या फाइलीत असते. फोटो नव्या जागी चढवले आणि ती फाइल मागे राहिली, तर स्कॅन करून हौसेने 1978 ची तारीख घातलेला आजीचा फोटो आजच्या तारखेत जाऊन बसतो. फोटो वाचला, त्याचा काळ हरवला.

मंत्रीमहोदय, आपली माहिती उचलून नेण्याचा हा हक्क आपल्या देशाला अनोळखी नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 च्या मसुद्यात डेटा एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याची तरतूद केली होती. सरकारने 2019 मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकातही ती होती. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले गेले आणि पुढच्या मसुद्यातून हा हक्क गळाला, तो गळालाच. युरोपात तो मे 2018 पासून कायद्याने मिळालेला आहे. आपल्याकडे मोबाइल नंबरच्या बाबतीत तर याचा रोजचा अनुभव आहे. 20 जानेवारी 2011 पासून देशभर 1900 वर एक एसएमएस पाठवून सुरुवात केली की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय सक्तीची केली तेव्हा कंपन्या बुडाल्या नाहीत आणि ग्राहकाचा मान वाढला.

तांत्रिक अडचणीची सबबही टिकणारी नाही. आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजमध्ये पाठवण्याची सोय अ‍ॅपलने 2021 मध्ये आणली आणि 2024 मध्ये उलट दिशेची वाटही खुली झाली. कंपन्यांचे सर्व्हर आपसात देवघेव करतात, ग्राहकाचा डेटा पॅक खर्च होत नाही आणि कॉम्प्युटरही लागत नाही. दोन मोठ्या कंपन्यांना मनात आणल्यावर जमले, ते इतरांना नियमाने करायला लावता येईल.

2023 च्या कायद्याच्या कलम 14 ने मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी नामनिर्देशन करण्याची मुभा दिली आहे. ही तरतूद मोलाची आहे. पण मूळ हक्कांतच फोटो नेण्याचा हक्क नसल्यामुळे वारसाच्या हाती येतो तो वडिलांचे फोटो पुसायला सांगण्याचा अधिकार. ते मिळवण्याचा नव्हे. नव्या नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यमांनी तीन वर्षे न वापरलेल्या खात्यातली माहिती पुसण्याआधी किमान 48 तास सूचना द्यायची आहे, म्हणजे त्या वेळेत लॉगिन करून ती वाचवता येईल. ज्याचा खातेदार हयात नाही, त्या खात्यात लॉगिन कोण करणार?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट मांडते. फोटो साठवणारी कोणतीही सेवा बंद करताना किमान एक वर्ष आधी सूचना द्यावी. ती केवळ इंग्रजी ईमेलने न देता ग्राहकाच्या भाषेत, एसएमएसने आणि अ‍ॅपमध्ये द्यावी. मूळ आकाराचा फोटो तारीख, ठिकाण आणि अल्बमसह परत मिळावा आणि ही माहिती फोटोच्याच फाइलीत असावी. दुसऱ्या सेवेकडे थेट पाठवण्याची सोय फुकट असावी. नवे फोटो घेणे थांबल्यावरही जुने उतरवून घेण्यासाठी आणखी एक वर्ष मिळावे. आणि नामनिर्देशित व्यक्तीला फोटोंची संपूर्ण प्रत मागता यावी.

तोवर लोकांनी हात बांधून बसावे असे मी म्हणत नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे घरोघरी समजायला हवे. सिंक चालू असताना एका ठिकाणी पुसलेला फोटो सगळीकडून जातो. बंदची सूचना आली की आधी फोनमधले काही पुसू नये. मूळ आकाराचे फोटो उतरवून एक प्रत हार्ड डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या सेवेत ठेवावी, दोन्हीकडचा आकडा जुळवावा, जुने पाच-दहा फोटो उघडून तारखा तपासाव्यात आणि मगच जुने खाते बंद करावे. हे मी ओळखीच्यांना सांगत असते. पण ज्या आजींच्या हातात मुलाने दिलेला जुना फोन एवढेच आहे, त्यांना हे सगळे करायला सांगणे म्हणजे जबाबदारी सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे आहे.

कायद्यात दुरुस्ती करायला वेळ लागेल. तोपर्यंत मंत्रालयाने बंद होणाऱ्या सेवांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्यात आणि दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा, ही विनंती. आपल्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली,
एक नागरिक