गैरहजेरी आणि पालकांचे हक्क

हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नांवापुढें ओळीनें गैरहजेरीच्या खुणा पडूं लागल्या, कीं त्याचे आईबाप शाळेच्या वाटेनें येण्याचेंच टाळतात, असा आम्हां शिक्षकांचा नेहमींचा अनुभव आहे. आषाढांत भाताची लावणी असते, फाल्गुनांत शिमग्याची पालखी असते, चैत्र-वैशाखांत आंबा उतरवावयाचा असतो. कधीं घरांत आजारपण असतें. कारण खरें असतें, पण तें सांगण्याची भीति वाटते. दंड होईल, नांव कापलें जाईल, मुलाला छड्या बसतील, अशी ही भीति असते. तिच्यामुळेंच थोड्या दिवसांची गैरहजेरी कायमची होऊन बसते. ती दूर व्हावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

ही भीति अगदींच अकारण उत्पन्न झाली असें मात्र नाहीं. घाटापलीकडे कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तेव्हां मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. आपल्याच जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक मांडलें. तें पुढील वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. त्या काळीं सक्ती म्हणजे मुख्यतः पालकांवरील सक्ती, असाच अर्थ होता.

१ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ही दृष्टि पालटली. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेंत घालणें हें पालकाचें कर्तव्य त्यांत सांगितलें आहे. पण तें चुकल्यास दंड सांगितलेला नाहीं. उलट शाळेवरच पुष्कळ बंधनें आहेत. आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेंतून काढून टाकतां येत नाहीं. त्याला मारतां येत नाहीं, कीं त्याचा मानसिक छळ करतां येत नाहीं. मूल वर्षाच्या मध्यें आलें, किंवा त्याच्याजवळ जन्माचा दाखला नाहीं, म्हणून प्रवेश नाकारतां येत नाहीं. आंब्याच्या बागांत राखणीस येणाऱ्या नेपाळी कुटुंबांना हें कोणीतरी समजावून सांगावें. शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयास योग्य अशा वर्गांत बसवून विशेष शिक्षण द्यावयाचें असतें. पालकांना वेळोवेळीं भेटून मुलाच्या हजेरीविषयीं सांगणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे. तक्रार असल्यास स्थानिक संस्थेकडे लेखी अर्ज करावा. तिनें दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांच्या आंत निर्णय द्यावयाचा असतो. तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करतां येतें.

येथें एक गोष्ट आम्हीं पालकांपासून लपवूं नये. हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ६ मे २०१४ रोजीं ठरविलें. २०२५ सालीं त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निर्णयाविषयीं शंका प्रकट केली. मिशनच्या शाळा अल्पसंख्याकांच्याच गणल्या जातात. मग आम्ही मोकळे झालों काय? माझ्या मतें मुळींच नाहीं. नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या मेंढपाळाचा दाखला जी शाळा मुलांना सांगते, तिनें कायदा आड येत नाहीं म्हणून एक नांव पटावरून पुसूं नये. इतर शाळा जें कायद्याच्या धाकानें करतात, तें आम्हीं आपखुषीनें करावें.

पालकांनींहि हक्क म्हणजे मोकळीक असें समजूं नये. लावणीचे चार दिवस आणि सबंध पावसाळा यांत पुष्कळ अंतर आहे. आठवीनंतर या कायद्याचें संरक्षण राहत नाहीं, आणि शालान्त परीक्षेस बसावयाचें तर हजेरी लागतेच. म्हणून मूल येणार नसेल तेव्हां दोन ओळींची चिठ्ठी पाठवावी. लिहितां येत नसेल तर स्वतः येऊन सांगावें. कारण कळलें, तर मार्ग काढतां येतो. ज्यांच्या घरीं वाचणारें दुसरें कोणी नाहीं, त्या विद्यार्थ्यांनीं हा लेख आज रात्रीं आईबापांना मोठ्यानें वाचून दाखवावा.