एकच भिंग, दोन पावले पुढे



दवाखाना आटोपल्यावर हौसेने डिजिटल एसएलआर कॅमेरा हाती घेणारे डॉक्टर आपल्या मंडळात कमी नाहीत. ‘सर, आता कोणती लेन्स घेऊ?’ असा प्रश्न ते मला विचारतात. ‘महागडी झूम नको, एक साधी प्राइम लेन्स घ्या,’ हे माझे उत्तर अनेकांना रुचत नाही. म्हणून त्यामागील कारण येथे मांडतो.

काही वर्षांपूर्वी श्रावणात गोडादऱ्यातील आमच्या घरी कानबाईची स्थापना झाली होती. समईच्या उजेडात आई आरती करीत होती. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या झूमने मी बरीच छायाचित्रे टिपली. सारी हललेली निघाली. फ्लॅश लावला, तर आईने डोळे मिटले. ती तिची शेवटची कानबाई ठरली.

दोष माझ्या अज्ञानाचा होता. १८-५५ मिमी झूमचे छिद्र ५५ मिमीवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिमीची साधी प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे सुमारे नऊ-दहा पट प्रकाश आत येतो. जेथे शटर १/१० सेकंद उघडे ठेवावे लागे, तेथे १/१०० सेकंदाच्या आसपास काम भागते. चुळबुळ्या बालकाचे छायाचित्र फ्लॅशविना टिपायचे, तर हा फरक निर्णायक असतो.

निवड करताना कॅमेऱ्याच्या सेन्सरचा आकार पाहावा. सामान्य एसएलआरच्या लहान सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी वागते. चेहऱ्यासाठी ती उत्तम, पण दहा बाय दहाच्या खोलीत अपुरी. घरगुती प्रसंगांसाठी ३५ मिमी अधिक सोयीची. शंका असल्यास आठवडाभर झूम ३५ वर, नंतर ५० वर स्थिर ठेवून पाहावी. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांना मोटरयुक्त लेन्सच घ्यावी. आता कंपन्यांचा भर मिररलेसवर असल्याने जुन्या लेन्स स्वस्तात मिळतात. मात्र आत बुरशी नाही ना, हे उजेडात धरून तपासावे. सुरतेच्या दमट हवेत लेन्स सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी.

शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंच दूर असतो, तेथे झूमच हवी, हे मान्य. परंतु आपल्या शेजारच्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या, देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या रोलीफ्लेक्सला झूम नव्हती. चौकट बदलायची तर जागा बदलावी लागे. आपणही बाळाला खुर्चीत बसून दुरून तपासत नाही. जवळ जातो, वाकतो. छायाचित्रासाठीही तेवढेच करावे.

येत्या कानबाईपूर्वी ही छोटी लेन्स जरूर घ्या, आणि घरातील वडीलधाऱ्यांची छायाचित्रे आधी काढा.